मागच्या बाकांवर न पोहोचलेला प्याला

मी एक जुना कथलाचा प्याला आहे, मित्रांनो. वय दीडशेच्या आसपास, उंची वीतभर आणि स्वभाव, आता लपवून काय उपयोग, वैतागलेला. चांदीचे प्याले शांत आणि समाधानी असतात असे मी ऐकून आहे. मी चांदीचा नाही.

माझा जन्म ग्लासगो शहरातल्या एका ओतशाळेत झाला. आम्ही चार भावंडे एकाच दिवशी एकाच साच्यातून निघालो. ज्या कारागिराने मला घडवले त्याला त्या दिवशी भयंकर खोकला होता. माझी बैठक जोडतानाच त्याला उबळ आली, म्हणून मी तेव्हापासून किंचित डावीकडे कललेला आहे. पोटावर गावाचे नाव कोरले, त्यातही एक अक्षर चुकले. मग गवतात गुंडाळून आम्हाला पेटीत भरले आणि जहाजाने स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या लुईस बेटावर पाठवले. बंदरापासून पुढे घोडागाडीने, पावसात भिजत, मेंढ्यांच्या कळपांना वाट देत आम्ही क्रोवनिश गावी पोहोचलो. पेटी उघडली तेव्हा चर्चचे सगळे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, भोवती उभे होते. एकाने मला उचलून उजेडात धरले आणि प्याला वाकडा असल्याचे सांगितले. दुसरा म्हणाला की गळत नाही ना, मग झाले.

माझे काम प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचे. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, मला द्राक्षारसाने भरायचे आणि मेजावर हातोहात फिरवायचे. उरलेले वर्ष मी लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेला, एका वडिलांच्या घरातल्या कपाटात. पलीकडच्या चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा धुमसायच्या आणि तो धूर माझ्या कडांपर्यंत यायचा. पण मी तक्रार केली नाही. दोनदा का होईना, काम मोठे होते.

वैताग आणला तो त्या कामानेच.

सप्टेंबरच्या प्रभुभोजनाला आसपासच्या गावांतून पाहुणे येत. घराघरांत जमिनीवर अंथरुणे पडत, खारवलेला मासा आणि बटाटे यांची पातेली उतरत नसत. गुरुवारपासून सोमवारपर्यंत उपासना चाले. शनिवारी दुपारी वडील लोक शिशाचे छोटे बिल्ले वाटत. ज्याच्याकडे बिल्ला, तो रविवारी मेजावर बसणार. रविवारी चर्चमध्ये पाचशे माणसे जेमतेम मावत. पुढे लांबलचक मेज, त्यावर पांढरे शुभ्र कापड. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, उभे राहून आधी कृपेविषयी बोलत. ती विकत मिळत नाही, ती कमावता येत नाही, देव ती फुकट देतो, असे सांगत. पाचशे माना हलत. मग पाळक कोणी कोणी मेजाजवळ येऊ नये याची यादी सांगत. लबाड, कठोर, दुतोंडी, वगैरे.

मित्रांनो, ती यादी लबाडांना दूर ठेवण्यासाठी होती. पण लबाड माणूस अशी यादी ऐकली की शेजाऱ्याकडे बघतो. मान खाली घालतात ती चांगली माणसे. मेजावर येऊन बसत जेमतेम तेहतीस जण. बाकीचे मागच्या बाकांवर, आयुष्यभर. आजारात एकमेकांच्या उशाशी बसणारी, विधवांची शेते नांगरून देणारी, स्तोत्र गाताना डोळे भरून येणारी माणसे. त्यांना वाटे, आपण अजून लायक नाही. मी काठोकाठ भरून निघायचो आणि निम्मा भरलेला परत यायचो. साठ वर्षे मी हे पाहिले. वैतागू नको तर काय करू?

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त छळले ते टॉर्किलने.

टॉर्किल मागावर लोकरीचे कापड विणायचा आणि चर्चची झाडलोट करायचा. आम्हा चौघांना घासूनपुसून ठेवणेही त्याच्याकडे होते. त्याच्याइतके मऊ हात मला पुन्हा लाभले नाहीत. तो कोमट पाण्यात आम्हाला बुडवायचा, कापडाने आतून, बाहेरून, कडेखालून पुसायचा आणि माझ्या कललेल्या बाजूवर अंगठा फिरवून हसायचा. पण त्याने माझ्यातून एक थेंबही कधी प्यायला नाही. रविवारी मला मेजावर मांडून तो मागे जाऊन बसायचा, अगदी दाराजवळच्या बाकावर.

त्याचे कारण मला कळले ते त्याच्या बायकोमुळे. डोलिना अनेकदा त्याच्या मदतीला येई. एकदा भांडी पुसता पुसता तिने सरळ विचारले की अजून किती वर्षे मागे बसणार. तेव्हा तो बोलला. तरुणपणी तो दक्षिणेच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला होता. मागे घरी वडील एकटे. त्यांनी दोनदा पत्र लिहवून घेतले की आता घरी ये, मला बरे नाही. टॉर्किलने उत्तर पाठवले नाही. पुढच्या हंगामात जाऊ, असे त्याला वाटले. तो आला तेव्हा वडिलांना जाऊन चार महिने झाले होते. शेजारच्यांनी सांगितले की म्हातारा शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून जेवायला बसायचा.

"ज्यानं बापाच्या टेबलावर बोलावल्यावर पाठ फिरवली, तो या मेजावर कुठल्या तोंडानं बसणार?" असे म्हणून त्याने मला फडक्यात गुंडाळले.

डोलिनाने पुढचा प्याला पुसायला घेतला. ती स्वतः सव्विसाव्या वर्षीच मेजावर येऊन बसली होती. इतक्या लवकर बसणे गावाला आगाऊपणाचे वाटले होते. तिला विचारले तर म्हणायची की भूक लागली होती.

मग तो सप्टेंबर आला. त्या रविवारी मोराग आजी मेजावर आली. तिचे वय एकोणऐंशी, कंबर वाकलेली, हातात काठी. साठ वर्षे ती मागे बसली होती, आणि आज का उठली ते तिलाच माहीत. ती डोलिनाच्या शेजारी बसली. मी तिच्याजवळ आलो तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की मला धरवेना. डोलिनाने मला आजीच्या ओठांशी धरले. आजी एक घोट प्यायली, डोळे मिटून थोडा वेळ बसली आणि मग तिच्या मते हळूच, पण बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "एवढंच होतं होय?"

डोलिना हसली. मोठ्याने, मोकळेपणाने, कोणी अंगणात हसावे तशी. आजीही हसली. पाचशे माना आमच्याकडे वळल्या. मी डोलिनाच्या हातात होतो, मित्रांनो. साठ वर्षांत मला पहिल्यांदा वाटले की मी जेवणाच्या मेजावर आहे.

टॉर्मोडला तसे वाटले नाही. टॉर्मोड म्हणजे चर्चच्या वडिलांतले सर्वांत मोठे. आमचे कपाट त्यांच्याच घरी होते. माणूस वाईट नव्हता. कोणी आजारी पडले तर नऊ मैल चालत जाणारा. पण चेहरा बंद दारासारखा. सोमवारी आम्हाला न्यायला ते चर्चच्या मागच्या खोलीत आले तेव्हा डोलिना तिथेच होती. प्रभूच्या मेजावर दात दाखवायचे नसतात, असे त्यांनी तिला ऐकवले.

डोलिना हात पुसत म्हणाली, "टॉर्मोडकाका, मला कुणी जेवायला बोलावलं तर मी तोंड पाडून जात नाही."

ते उत्तर त्यांना झोंबले. नोव्हेंबरमध्ये मोराग आजी गेली. तो एक घोट तिचा पहिला आणि शेवटचा. टॉर्मोडकाकांनी तिची शवपेटी खांद्यावर नेली, पण डोलिनाचे हसणे ते विसरले नाहीत. मार्चच्या शनिवारी बिल्ले वाटताना ते डोलिनासमोर आले आणि तिला ओलांडून पुढे गेले. सगळ्या गावासमोर. डोलिना रिकाम्या हाताने घरी गेली.

त्याच दुपारी टॉर्किल आम्हाला न्यायला टॉर्मोडकाकांच्या घरी आला. कपाट उघडले, आम्हाला बाहेर काढून टेबलावर मांडले, पण फडकी सोडेना. म्हणाला, "काका, डोलिनाला बिल्ला दिला नाहीत."

"नाही दिला. हसली ती मेजावर. त्या जागेची लायकी नाही तिच्यात."

टॉर्किलने माझ्यावरचे फडके सारखे केले. त्याला भांडता येत नसे. शेवटी म्हणाला, "लायकी तर नाहीच. पण ती लायकीवर गेलीच कुठं होती? बोलावलं म्हणून गेली."

टॉर्मोडकाका त्याच्याकडे पाहत राहिले. "आणि तू? तुला नाही बोलावलं?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

टॉर्किल आम्हाला पेटीत घालून निघाला. त्या क्षणी माझा जो संताप झाला तो मी अजून विसरलेलो नाही. उत्तर त्याच्याच तोंडून निघाले होते. त्याच्या तोंडापासून त्याच्या कानापर्यंत अंतर ते किती, पण तेवढे ते गेले नाही.

ते गेले भलत्याच कानात. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपासनेच्या आधी, टॉर्मोडकाका मागच्या खोलीच्या दाराशी आले. डोलिनाच्या हातात त्यांनी बिल्ला ठेवला आणि चुकल्याचे कबूल केले. रात्रभर जागल्यासारखे त्यांचे डोळे लाल होते. डोलिना मेजावर बसली. टॉर्किल मागे, दाराजवळ, नेहमीसारखा. मी फिरत फिरत टॉर्मोडकाकांजवळ पोहोचलो. त्यांनी मला ओठांना लावले आणि खाली ठेवले. प्यायले नाहीत. कोणाला दिसले नाही. मला कळते.

सहा महिने मी कपाटात पडून विचार करत होतो की झाले काय. टॉर्मोडकाका संध्याकाळी चुलीजवळ बसत आणि स्वतःशी पुटपुटत. पूर्वी ते प्रार्थना म्हणत तेव्हा आवाज खणखणीत असे. आता मध्येच थांबत.

सप्टेंबरच्या शनिवारी टॉर्किल पुन्हा आला. टॉर्मोडकाकांनी कपाटाची किल्ली त्याच्यासमोर ठेवली आणि यापुढे आम्हाला त्याच्याच घरी ठेवायला सांगितले. आपण उद्या मेजावर बसणार नाही, असे ते म्हणाले. टॉर्किलला वाटले त्यांची तब्येत बिघडली.

"तब्येतीला काही नाही झालं," टॉर्मोडकाका म्हणाले. "चाळीस वर्षं मी तिथं लायकीनंच बसत होतो, टॉर्किल. तसंच समजत होतो. तू मार्चमध्ये म्हणालास ते खरं असेल, तर मी एकदाही खरा बसलो नाही. आता मागे बसेन. तुझ्या बाकावर जागा आहे ना?"

मित्रांनो, मी हे ऐकले आणि माझे कथील वितळते की काय असे मला झाले. एक जण स्वतःला वाईट समजून मागे बसला होता. दुसरा स्वतःला चांगला समजून पुढे बसला होता, आणि आता डोळे उघडले तर तोही मागे निघाला. पाळकांनी जन्मभर सांगितलेली कृपा या दोघांच्या मधून, कोणालाही न शिवता, दाराबाहेर चालली होती.

टॉर्किलच्या हातात तेव्हा मी होतो. त्या मऊ माणसाने, ज्याने आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता, मला टेबलावर असे आपटले की माझ्या पोटाला पोचा पडला.

"जागा नाही," तो म्हणाला. "मागं जागा नाही, काका. तुमच्यासारखी माणसंही मागं येऊन बसली तर पुढं कोण बसणार? बोलावणाऱ्यानं काय एकट्यानंच जेवायचं, दाराकडं तोंड करून?"

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याने ऐकले. या वेळी ऐकले. तो बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. टॉर्मोडकाका उठले, किटली चुलीवर ठेवली, उतरवली, चहा करायचे विसरले आणि पुन्हा बसले. बाहेर कोणाचे तरी कुत्रे मेंढ्यांवर भुंकत होते.

शेवटी टॉर्मोडकाका म्हणाले, "तू आलास तर मी येतो. एकट्याची हिंमत नाही माझी."

ते दोघे तसेच उठून पाळकांकडे गेले. पेटी टॉर्किलच्या काखेत होती, म्हणून मीही गेलो. पहिल्यांदा मेजावर बसणाऱ्याला पाळक चार प्रश्न विचारत. पाळक वयाने लहान होते, टॉर्किलहून दहा वर्षांनी तरी. त्यांनी टॉर्मोडकाकांना तिथे पाहिले आणि काहीतरी ओळखले असावे. त्यांनी एकच विचारले, की तू मेजावर काय घेऊन येतोस.

"काही नाही," टॉर्किल म्हणाला. "वडिलांचं एक ओझं आहे. ते सुटलेलं नाही. तेच घेऊन येतोय."

"घेऊन ये," पाळक म्हणाले आणि त्यांनी बिल्ला दिला.

रविवारी यादी वाचली गेली. मी मेजावरून मागे पाहत होतो. टॉर्किल उठला. दाराजवळच्या बाकापासून मेजापर्यंत फार तर पंधरा पावले असतील. त्याने अठरा वर्षे लावली होती, त्यामुळे आता घाई करण्यात अर्थ नव्हता. तो चर्चच्या मधल्या वाटेने आला. वाटेतल्या एका बाकावरून टॉर्मोडकाका उठले आणि त्याच्या मागे आले. टॉर्किल डोलिनाच्या शेजारी बसला, त्याच्या पलीकडे टॉर्मोडकाका.

आधी भाकर फिरली. मग मी. डोलिनाने मला टॉर्किलच्या हातात दिले. ती या वेळी हसत नव्हती. तिला समोरचे दिसत नव्हते इतके तिचे डोळे भरले होते. टॉर्किलने मला धरले, आणि मला त्याच्या हातांचे आश्चर्य जाणवले. ज्याने मला कितीतरी वेळा धुतले त्याला भरलेला मी किती जड असतो हे माहीतच नव्हते. त्याने मला तोंडाला लावले. किती प्यायचे तेही त्याला माहीत नव्हते. मेजावर लोक ओठ ओले होतील एवढेच घेतात. तो मात्र दिवसभर माग चालवून आलेल्या माणसासारखा पीत राहिला.

टॉर्मोडकाकांनी त्याच्या बाहीला हलकेच हात लावला आणि कुजबुजले, "थोडं मला ठेव."

टॉर्किलला ठसका लागला. त्याचे खांदे हलू लागले. लोकांना वाटले तो रडतोय. तो रडतही होता. पण मी त्याच्या तोंडाशी होतो म्हणून सांगतो, तो हसत होता. मग टॉर्मोडकाकांनी मला घेतले आणि ते प्यायले. खरोखर प्यायले.

सोमवारी टॉर्किलने मला धुतले तेव्हा तो स्तोत्र गुणगुणत होता. चाल पार चुकत होती आणि डोलिनाने ती एकदाही सुधारली नाही. तो बापाविषयी पुन्हा कधी बोललाच नाही असे नाही. वर्षातून एकदा तरी बोले आणि गप्प होई. पण प्रत्येक मार्चमध्ये आणि प्रत्येक सप्टेंबरमध्ये तो आला. टॉर्मोडकाका तीन वर्षांनी गेले. त्या तीन वर्षांत त्यांनी किमान दोन जणांना मागच्या बाकावरून हाताला धरून आणल्याचे मी पाहिले.

पण सगळे गाव उठून आले असे समजू नका. तेहतिसाचे एकेचाळीस झाले, एवढेच. बाकीचे मागेच बसून राहिले, अधिक चांगले होण्याची वाट बघत. माझा वैताग संपला नाही.

पुढे काळ बदलला. एकाच प्याल्यातून सगळ्यांनी पिणे आरोग्याला बरे नाही असे ठरले आणि बोटाएवढे काचेचे पेले आले. आम्हा चौघांना कपाटात टाकले. तिघे कुठे गेले मला माहीत नाही. मी क्रोवनिशच्या बंद पडलेल्या शाळेत आहे. तिथे आता गावाच्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. मी काचेच्या पेटीत असतो. शेजारी मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री आहे, ती दिवसभर गप्प असते. माझ्यासमोर पाटी आहे: 'हात लावू नये.' पाटीवर माझे वयही चुकीचे लिहिले आहे.

तुम्ही शाळेतून रांगेने येता, नाके काचेला लावता आणि बाई तुम्हाला मागे ओढतात. तुमची माणसे माझी काळजी घेतात, धूळ बसू देत नाहीत, याबद्दल आभारी आहे. पण मित्रांनो, माझे ऐका. मला कोणी स्वच्छ ठेवावे म्हणून घडवले नव्हते. माझ्या आयुष्यातली चांगली मिनिटे मोजली तर ती थोडीच भरतील, आणि त्या प्रत्येक मिनिटात मी कोणातरी न धुतलेल्या मनाच्या माणसाच्या थरथरत्या हातात होतो. तुम्हालाही आयुष्यात कोणीतरी प्रेमाने हाक मारेल. देव मारेल, किंवा घरचे कोणी म्हातारे माणूस मारेल. तेव्हा दाराजवळ उभे राहून आपले कपडे, आपले हात, आपली लायकी तपासत बसू नका. मी साठ वर्षे तशी माणसे पाहिली आहेत आणि मला आता आणखी बघवत नाहीत. हाक आली की सरळ आत जा आणि बसा. जेवण गार होते.